एकेचाळीस नंबरचा घाम

बुधवारी सकाळी हॉस्पिटलातून चार पांढरे कोट परत आले आणि सोबत एक चिठ्ठी. कोट आम्हीच सोमवारी धुऊन, कडक इस्त्री करून पाठवले होते. चिठ्ठीत लिहिलं होतं, लाँड्रीच्या अक्षम्य बेपर्वाईमुळे मुख्य आहारतज्ज्ञांचे चारही कोट लाल डागांनी खराब झालेले आहेत. पांढऱ्या कपड्यांत रंगीत कपडा टाकणारा हात लाँड्रीने तातडीने दूर करावा, अन्यथा हॉस्पिटल आपले कपडे दुसरीकडे देण्याचा विचार करील. खाली सही. सही एवढी लांब की कागद संपला म्हणून थांबलेली.

हात दूर करावा, म्हणे. जसं काही तो हात म्हणजे कुणी टेबलावर विसरून गेलेली छत्री. त्या हाताला पुढे एक बाई जोडलेली होती आणि ती बाई माझी नणंद होती.

लाँड्रीत तिला सगळे तुरटी म्हणतात. तिच्यासमोर उभं केलं की गढूळ माणूससुद्धा दोन मिनिटांत निवळतो आणि खरं बोलून जातो, म्हणून एक; आणि तिच्याशी बोलून झालं की जीभ आखडते, म्हणून दुसरं. बावीस वर्षं ती मोठ्या धुलाई यंत्रावर आहे. बावीस वर्षांत तिच्या यंत्रातून एका रुमालाचा रंग दुसऱ्या रुमालाला लागून बाहेर आलेला नाही. हे ती रोज सांगते, म्हणून मला पाठ आहे. लग्न केलं नाही. आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते आणि संध्याकाळी सहा ते दहा माझ्या स्वयंपाकातल्या, माझ्या ओट्यावरच्या आणि माझ्या मुलांच्या वळणातल्या चुका काढते. रोजचे हे चार तास मी बावीस वर्षं सोसले आहेत. तिची नोकरी गेली असती तर चाराचे चोवीस झाले असते. तेव्हा पुढे मी जे केलं ते मायेपोटी केलं असं कुणी समजू नये.

मालकांनी तिला ऑफिसात बोलावलं. मलाही बोलावलं, कारण आवक-खिडकीवर मी बसते. मालक अंगाने मोठे, मनाने चिंचोळे आणि अत्तराच्या बाबतीत फार उदार. वाफेच्या वासावर उपाय म्हणून ते रुमालावर अत्तर ओततात आणि मग बोलण्याआधी तो नाकाला लावतात. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," असं ते म्हणाले तेव्हाच मी ओळखलं. हे वाक्य ते फक्त कुणाला तरी घराबाहेर काढायच्या दिवशी उच्चारतात.

"शनिवारी त्या आहारतज्ज्ञ बाई स्वतः येणार आहेत," मालक म्हणाले. "त्यांच्यासमोर दोन ओळी लिहून दे. लाल कपडा चुकून पांढऱ्यात गेला, माफी असावी. संपलं."

"आणि मग?" तुरटीने विचारलं.

"मग थोडे दिवस घरी आराम कर."

"किती थोडे?"

रुमाल नाकाला. "बघू."

तुरटीने टेबलावरचा एक कोट उचलला, बाही उलटी केली आणि मालकांच्या नाकापाशी नेली. अत्तराशी त्या काखेची ओळख व्हावी असा बेत असावा. "हे बघा. दोन्ही काखा, मानेची पट्टी आणि पाठीचा मधला भाग. बाकी कोट दुधासारखा. यंत्रात पाणी सगळीकडे फिरतं, मालक. ते काय काखा शोधत बसतं? आणि डागाचा कडेचा भाग गडद आहे, मधला फिकट. आतल्या बाजूला जास्त, बाहेर कमी. हा रंग बाहेरून लागलेला नाही. अंगातून आलाय."

"अंगातून लाल रंग येतो?" मालक हसले. "बाई आहे की पानाफुलांचा छापा?"

"ते मला माहीत नाही. मला यंत्र माहीत आहे."

"गिऱ्हाइकाला यंत्र शिकवायचं का मी? शनिवारी सही झाली नाही तर सोमवारपासून येऊ नकोस."

"नाही येणार," तुरटी म्हणाली. "पण जे केलं नाही ते केलं म्हणून लिहून देणार नाही. बावीस वर्षांत रंग उतरू दिला नाही, आता कागदावर उतरू देऊ?"

त्या संध्याकाळी भाजीत मीठ घालायचं मी विसरले. मुलांनी तोंडं केली, आमच्या ह्यांनी लोणच्याची बरणी ओढली. तुरटीने मुकाट्याने सगळी भाजी खाल्ली आणि ताट घासायला घेतलं.

ताट घासता घासता तिने पाठमोरीच विचारलं, "वहिनी, ते कोट आत आले तेव्हा डाग होते की नव्हते? तुझी वही काय म्हणते?"

"उद्या बघते," मी म्हणाले.

बघायची गरज नव्हती. माझी वही काय म्हणते ते मला तोंडपाठ होतं, आणि इथे माझाही हिशोब मांडायला हवा. आवक-खिडकीवर दोन वह्या असतात. एक डागवही: प्रत्येक कपडा धुण्याआधी उलटासुलटा बघायचा आणि कुठे, कसला, कोणत्या रंगाचा डाग आहे ते लिहायचं, म्हणजे उद्या गिऱ्हाईक भांडायला आलं की वही पुढे करता येते. दुसरी खिसावही: खिसे रिकामे करायचे आणि निघालं ते लिहायचं. हॉस्पिटलच्या कोटांचे खिसे मी जिवाच्या भीतीने नीट बघते, कारण त्यांत सुया निघतात. पण डाग? हॉस्पिटलचं गाठोडं उघडलं की त्यात रक्त, औषध, सूप, शाई आणि काय काय असतं. कोण बघत बसतं? सगळे गरम पाण्यातच जायचे. म्हणून हॉस्पिटलच्या पानावर डागाच्या रकान्यात मी एकच शब्द लिहिते: 'नेहमीचे'. अकरा वर्षं लिहिते आहे. वळणदार अक्षरात.

म्हणजे कोट आत आला तेव्हा लाल होता असं सिद्ध करणारा जगातला एकमेव कागद माझ्या हातून कोरा राहिला होता.

गुरुवारी सगळी लाँड्री या विषयातली तज्ज्ञ झाली. हॉस्पिटलची गाडी चालवणारा गाडीवाला म्हणाला, बाई केसांना लाल मेंदी लावत असणार. इस्त्रीमास्तर म्हणाले, रक्त आहे, अतिविचाराने माणसाला रक्ताचा घाम येतो. मास्तरांना आयुष्यात कधी विचाराने घाम आलेला नाही, पण खात्री एवढी की इस्त्री आपटून सांगत होते. मालकांचं मत होतं की कारण काहीही असो, गिऱ्हाईक बरोबर आहे. या तिघांपैकी कुणीही परत आलेला कोट उलटा करून बघितला नव्हता.

दुपारी कोपऱ्यावरच्या दुकानाचा औषधवाला त्याचे ॲप्रन द्यायला आला. औषधवाल्याला गोळी मोजून द्यायला आवडते आणि माहिती न मोजता. त्याचे ॲप्रन लिहून घेतले आणि सहज विचारलं, "काय हो, घामाला रंग असतो का?"

त्याने कोपर खिडकीवर टेकवलं. आता अर्धा तास हलणार नव्हता.

"असतो की. पण कुठून आला ते बघावं लागतं. काहींच्या काखेतल्या, चेहऱ्यावरच्या ग्रंथींतच रंग तयार होतो. पिवळा, हिरवा, निळा, क्वचित काळा. फार दुर्मिळ. काहींचा घाम साधाच असतो, पण अंगावर आल्यावर रंगतो. तांब्याचं काम करणाऱ्यांचा हिरवट होतो. कच्च्या रंगाचा बनियन असला तर त्या रंगाचा. काखेत काही जंतू वाढले तर लालसुद्धा."

"आणि रक्ताचा?"

"येतो म्हणतात. मी पस्तीस वर्षांत बघितला नाही. कोण म्हणालं?"

"मास्तर."

"मास्तरांना सांगा, इस्त्री गरम आहे, लक्ष द्या." तो खुशीत हसला. "तिसरा प्रकार पोटातून. छातीच्या आजारावरचं एक औषध आहे, त्याने घाम नारिंगी होतो. पण मग डोळ्यांतलं पाणीही नारिंगी, लघवीही. कावीळ फार वाढली तर घाम हिरवट-पिवळट. आणि खाण्यातला रंग. रोज, पोतंभर खाल्ला तर. पण तेवढा रंग कोण खातं?"

मी एक कोट त्याच्यापुढे पसरला. नंबर झाकला होता. त्याने चष्मा वर केला.

"केसांचा रंग नाही. तो मानेवर उतरेल, काखेत कसा जाईल? तांबंही नाही. जंतू असते तर काखेत थांबले असते, पाठीच्या मध्यावर काय करतायत? जिथे जिथे घाम येतो तिथे तिथे आहे. म्हणजे आतून. औषध किंवा खाणं. आणि हे नारिंगी नाही, हे तर सरळ लाल आहे. मी डॉक्टर नाही हां. माणसाला डॉक्टरकडे पाठवा."

"माणूस हॉस्पिटलातच असतं," मी म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मी खिसावही काढली. एकेचाळीस हा आहारबाईंच्या कोटांचा नंबर; चारही कोटांच्या कॉलरीला आतून तोच शिवलेला. दर सोमवारी आणि गुरुवारी एकेचाळीसच्या पुढे माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलेलं होतं: पेन एक, लाल भुगा. पेन एक, लाल भुगा. टाचणी, लाल भुगा, चकचकीत कागदाचा तुकडा. चार महिने. मी लिहिलं, वाचलं नाही. माझ्यासारखीच्या वहीचा हा गुण आहे: तिला सगळं माहीत असतं आणि मालकिणीला काही नाही.

पेनं, किल्ल्या आम्ही कोटाबरोबर परत करतो. पण किरकोळ कचरा फेकत नाही. पूर्वी एका गिऱ्हाइकाने त्याच्या कवळीचा तुकडा आम्ही कचऱ्यात टाकला म्हणून महिनाभर डोकं खाल्लं होतं. तेव्हापासून खिशातली पूडसुद्धा लिफाफ्यात भरून, नंबर घालून सहा महिने जपून ठेवायची असा मालकांचा हुकूम आहे. मालकांच्या हातून घडलेली ही एकमेव शहाणपणाची गोष्ट, आणि तीही भीतीने.

मागच्या कपाटात एकेचाळीसचे एकतीस लिफाफे निघाले. मी जेवणाच्या सुट्टीत तुरटीला बोलावलं आणि एक लिफाफा कागदावर उलटा केला. लाल भडक पूड, दोन-तीन पोकळ तुकडे आणि पाकिटाचा फाटलेला कोपरा.

"औषध असेल," मी म्हणाले.

तुरटीने बोट ओलं करून पूड उचलली आणि सरळ जिभेवर ठेवली.

"अगं, हॉस्पिटलातली आहे ती! मरशील!"

तिने डोळे बारीक केले. "आंबट. तिखट. टोमॅटो. पुष्कळ मीठ." पुन्हा बोट ओलं केलं. "वहिनी, या त्या लाल नळ्या आहेत. पाकिटातल्या, कुरकुरीत. तुझा धाकटा खातो आणि मग पडद्याला हात पुसतो, त्या."

आम्ही दोघींनी लिफाफ्यावरचा नंबर पुन्हा वाचला. कारण आहारबाई कोण हे लाँड्रीतल्या उंदरालाही माहीत होतं. हॉस्पिटलच्या कँटीनमधून तळलेलं सगळं त्यांनी हाकललं होतं. नाक्यावरच्या दुकानदाराला त्यांनी पाकिटं मागच्या फळीवर ठेवायला लावली होती. भिंतीभिंतीवर त्यांचा हसरा फोटो होता, हातात गाजर धरलेला. आमचा गाडीवाला कोटांची गाठोडी उचलायला गेला की त्याच्या पोटाकडे बघून म्हणायच्या, "हे कुठे घेऊन चाललात?"

तोच गाडीवाला आमच्या मागे येऊन उभा होता. त्याने पाकिटाचा कोपरा ओळखला.

"जप्तीची पेटी," तो म्हणाला.

"कसली?"

"दारावर ठेवलीय ना त्यांनी. पेशंटला भेटायला येणाऱ्यांच्या पिशव्या तपासतात. पाकिटं निघाली की पेटीत. रोज संध्याकाळी पेटी बाईंच्या खोलीत जाते, नष्ट करायला." त्याचं तोंड हळूहळू उघडं राहिलं. "माझ्या मेव्हण्याची तीन पाकिटं घेतली होती हो. त्याचा पाय प्लास्टरमध्ये होता, खाण्यावर काही बंदीच नव्हती."

"झाली नष्ट," तुरटी म्हणाली.

पण ती हसली नाही. "याने काही होत नाही, वहिनी. खिशात भुगा आहे म्हणजे बाई खातात. कोट धुण्याआधी लाल होता असं कुठे ठरतं? मालक म्हणणार, नळ्या त्यांच्या, रंग तुझा. तुझ्या वहीत काय आहे?"

मी सांगितलं. एक शब्द. अकरा वर्षं.

मला वाटलं आता तुरटीची जीभ सुटेल. तिने लिफाफा नीट बंद केला, हात झटकले आणि यंत्राकडे गेली. यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या.

शनिवारी आहारबाई आल्या. उंच, ताठ, अंगावर कोराकरकरीत कोट. घड्यांच्या रेघासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. खिडकीशीच त्यांनी जाहीर केलं, "हा आजच पाकिटातून काढलाय. तुमचं पाणी त्याला लागू दिलेलं नाही, लागूही देणार नाही."

"बरं केलंत," मी म्हणाले, आणि मनापासून म्हणाले.

मालक अजून यायचे होते. पाहुण्यांना ऑफिसात, पंख्याखाली बसवायची पद्धत आहे. मी म्हणाले, "ऑफिस पुसायला काढलंय, बाई, जरा इथे बसता का?" आणि त्यांना चादरींच्या मोठ्या इस्त्री-रोलरजवळच्या स्टुलावर बसवलं. डाव्या हाताला रोलर, उजव्या हाताला वाफेचा पाइप. त्या जागेवर मास्तरसुद्धा सलग दहा मिनिटं उभे राहत नाहीत. मी पंचवीस मिनिटं मोजली.

बाईंनी तो वेळ वाया घालवला नाही. मास्तरांना साखरेवर एक व्याख्यान दिलं. गाडीवाल्याला विचारलं की तो स्वतःच्या शरीराला काय समजतो, कचराकुंडी? "माणूस जे खातो ते शेवटी अंगावर दिसतं," त्या म्हणाल्या. गाडीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी चादरी मोजू लागले.

मालक आले, अत्तर आलं, कागद आला. "आपण सगळे एक कुटुंब आहोत," मालकांनी सुरुवात केली. तुरटी ओल्या हाताने आतून आली. तिला पेन दिलं. तिने ते घेतलं नाही. ती आहारबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि त्यांची पाठ निरखू लागली.

"सही इकडे करायची आहे," बाई म्हणाल्या. "माझ्या पाठीवर नाही."

"मालक," तुरटी म्हणाली, "हा कोट आपण कधी धुतला?"

मालक वळून मागे गेले. मास्तर रोलर बंद करून आले. कोऱ्या कोटाच्या पाठीवर, मानेपासून खाली, एक गुलाबी पट्टा उमटलेला होता, आणि आमच्या डोळ्यांदेखत तो रुंद होत होता. काखांत दोन चंद्रकोरी. कडेला गडद, मध्ये फिकट.

"काय बघताय?" बाईंनी हात वर करून मागे चाचपलं, आणि त्यामुळे जे दिसायचं राहिलं होतं तेही दिसलं.

"तुमच्या पाइपातलं गंजकं पाणी उडालं असेल!" त्या उसळून उठल्या.

"स्टुलावर नाही उडालं," तुरटी म्हणाली. "भिंतीवर नाही. माझ्यावर नाही. फक्त तुमच्या कोटाच्या आत?"

ही बाई मूर्ख नव्हती, एवढं कबूल करायला हवं. दोन श्वासांत त्या सावरल्या आणि जिथे आमची बाजू उघडी होती नेमकं तिथेच बोट घातलं. "समजा, माझ्या कोटांना आधीपासून डाग होते. मग तुम्ही ते लिहून का नाही घेतले? तुमच्याकडे डागांची वही असते ना? ती दाखवा. तीत डाग असेल तर मी माफी मागते. नसेल तर या बाईंनी सही करावी."

मालकांनी हात पुढे केला. वही माझ्या काखोटीला होती. मला अजूनही म्हणता आलं असतं की सापडत नाही, उंदरांनी खाल्ली, काहीही. तुरटी माझ्याकडे बघतच नव्हती. ती यंत्राच्या दाराकडे बघत होती, गाव सोडून जाणारा माणूस घराच्या कुलुपाकडे बघतो तशी.

मी वही उघडून दिली.

मालकांनी वाचलं. "नेहमीचे." पान उलटलं. "नेहमीचे. नेहमीचे." आणखी दहा पानं. "हे काय आहे?"

"न बघता लिहिलेलं," मी म्हणाले. "हॉस्पिटलचं एकही गाठोडं अकरा वर्षांत मी डागासाठी बघितलेलं नाही. या वहीवरून कुणाचाच दोष ठरत नाही. ठरला तर माझा. खिसे मात्र बघते." आणि मी दुसऱ्या काखेतून खिसावही आणि पिशवीतून एकतीस लिफाफे काढून स्टुलावर ठेवले. वरच्या लिफाफ्यावर मोठा एकेचाळीस होता. मी उघडला नाही, कुणाचं नावही घेतलं नाही.

आहारबाईंनी लिफाफे पाहिले आणि त्यांचा रंग, म्हणजे तोंडावरचा, गेला.

"ती जप्त केलेली आहेत!" त्या म्हणाल्या. "पाकिटं! मी ती तपासणीसाठी खिशात ठेवते!"

कुणी पाकिटांबद्दल बोललंच नव्हतं. मास्तर तर अजून रक्तावरच अडकलेले होते.

"तपासणी कशाने करता?" तुरटीने शांतपणे विचारलं. "जिभेने की काखेने?"

गाडीवाला भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत उभा राहिला. मालकांनी रुमाल नाकाला लावला, मग कपाळाला, मग काय करावं न कळून खिशात घातला.

माफी आली नाही. अशी माणसं माफी मागत नाहीत, ती 'प्रकरण मिटवतात'. बाई म्हणाल्या, त्यांना कुणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. पोट हा शब्द उच्चारताना जरा अडखळल्या. हॉस्पिटलचे कपडे इथेच येतील. लिफाफे मात्र त्यांना हवे होते, नष्ट करायला. मालकांनी दोन्ही हातांनी उचलून दिले. त्या गेल्या त्या भिंतीला पाठ लावून, तिरक्या चालीने. दारात मी त्यांना सांगितलं की औषधवाला म्हणतो, असं काही असलं तर डॉक्टरला दाखवावं. त्यांनी ऐकलं नाही. हॉस्पिटलात राहून डॉक्टर न दिसणारी ही पहिलीच बाई.

मग मालकांनी न्याय केला. तुरटी यंत्रावर राहील. पण तयार केलेला कागद वाया कसा घालवायचा? मजकूर बदलून त्यावर माझी सही घेतली: डागवही न बघता भरली, माफी असावी. खरं होतं, मी केली. सोमवारपासून खिडकीवर मास्तर बसणार होते आणि मी आत, धुलाईत, नणंदेच्या हाताखाली. आणि शेवटचा हुकूम, हलक्या आवाजात: एकेचाळीस नंबर आला की डागाच्या रकान्यात लिहायचं, 'नेहमीचे'.

"गिऱ्हाईक मोठं आहे," मालक म्हणाले. अकरा वर्षं जो शब्द माझा गुन्हा होता तो एका दिवसात लाँड्रीचं धोरण झाला.

सोमवारी एकेचाळीस आला. खिसे पांढऱ्या दोऱ्याने शिवून टाकलेले, बारीक टाके. काखा मात्र शिवता येत नाहीत. मास्तरांनी हुकुमाप्रमाणे शब्द लिहिला आणि कोट आत ढकलला. तुरटीने तो यंत्राच्या तोंडाशी उलटा केला, बघितला आणि तसाच घेऊन खिडकीवर गेली.

"मास्तर, हे नीट लिहा."

"मालकांनी सांगितलंय..."

"मालक यंत्र चालवतात का?"

"नाही, पण..."

"मग हा कोट इथेच पडून राहील. बाईंना सांगा, मालकांनी सांगितलंय."

मास्तरांनी शब्द खोडला. तुरटी शेजारी उभी राहून एकेक शब्द सांगत गेली: काखा, मान, पाठ. लाल. आतून. घाम. शाई वाळेपर्यंत ती हलली नाही. मग माझ्याकडे वळली. मी ओल्या चादरींच्या ढिगात कोपरापर्यंत बुडालेली होते.

"वहिनी, असं लिहितात. आणि ती चादर पिळतेस की तिची समजूत काढतेस?"

मी मनात बेरीज केली. घरी चार तास, आता इथले आठ. चोवीस वाचवायला गेले आणि बारा पदरात पडले.

संध्याकाळी ताट वाढलं. पहिला घास घेऊन तिने चमचा खाली ठेवला.

"मीठ कमी आहे," तुरटी म्हणाली.

मीठ बरोबर होतं. मी बरणी पुढे सरकवली.